पुरेशी अश्वशक्ती

'गरज' या शब्दाइतका सैलपणे वापरला जाणारा दुसरा शब्द आपल्या बोलण्यात क्वचितच सापडेल. तहानलेल्याला पाण्याची गरज असते, पेरणी झालेल्या शेताला पावसाची गरज असते, आणि तितक्याच सहजतेने आपण म्हणतो की घरातल्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा आणखी मोठा असण्याची गरज आहे. शब्द एकच, पण पहिल्या दोन ठिकाणी तो जीवनाशी बांधलेला आहे, तर तिसऱ्या ठिकाणी शेजाऱ्याच्या भिंतीवरील पडद्याशी. हा फरक नीट पारखता यावा म्हणून एक उदाहरण मी मुद्दाम निवडले आहे. रोजच्या वापरातील आलिशान मोटारींना आज आहे त्याहून अधिक अश्वशक्तीच्या इंजिनांची खरोखरच गरज आहे काय? आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात अशी मोटार उभी असेल. त्यामुळेच या प्रश्नाकडे आपण थोड्या अलिप्तपणे पाहू शकतो, आणि पाहून झाल्यावर तो आपल्या दाराशी कितपत येतो याचाही विचार करू शकतो.

अश्वशक्ती हे माप जेम्स वॉट या स्कॉटिश अभियंत्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ केले. त्याला आपली वाफेची इंजिने विकायची होती आणि गिऱ्हाईक होते घोड्यांकडून चक्रे फिरवून घेणारे कारखानदार. 'हे यंत्र तुमच्या किती घोड्यांचे काम करील?' या त्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी त्याने हिशेब मांडला : एका मिनिटात ३३,००० पौंडांचे वजन एक फूट उचलण्याइतके काम म्हणजे एक अश्वशक्ती. आजच्या परिमाणांत हे सुमारे ७४६ वॉट होतात. म्हणजे हे माप जन्मालाच आले ते गरजेच्या प्रश्नातून. काम किती आहे हे आधी ठरत असे आणि घोडे किती लागतील हे नंतर. पुढील दोन शतकांत हा क्रम कसा उलटला, ही या लेखाची खरी कथा आहे.

कार्ल बेंझ याने १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीचे इंजिन एका अश्वशक्तीपेक्षाही कमी ताकदीचे होते. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'ला २० अश्वशक्ती पुरल्या, आणि त्या मोटारीने अमेरिकेचे सारे ग्रामीण जीवन बदलून टाकले. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके टॅक्सी म्हणून धावलेली, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी सुमारे ४० अश्वशक्तींवर चार-पाच प्रवासी आणि टपावरचे सामान ओढीत असे. जर्मनीत १९७६ साली आलेली मर्सिडीज २०० डी ही प्रतिष्ठित कंपनीची मोटार ५५ अश्वशक्तींची होती. ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला तिला अर्ध्या मिनिटाइतका वेळ लागे, पण त्यामुळे तिच्या मालकाची प्रतिष्ठा उणावली असे कोणी म्हणत नसे.

याच्या शेजारी आजचे आकडे ठेवून पाहावेत. बीएमडब्ल्यू कंपनीची 'एम ५' ही चार दरवाजांची मोटार १९८० च्या दशकाच्या मध्यास प्रथम आली तेव्हा तिची शक्ती २८६ अश्वशक्ती होती. २००५ च्या पिढीत ती ५०७ झाली, २०१७ च्या पिढीत ६००, आणि २०२४ साली आलेल्या पिढीत इंजिन व विजेची मोटर मिळून ७२७. विजेवर चालणाऱ्या टेस्लाच्या 'मॉडेल एस प्लेड'ने २०२१ साली हजाराचा आकडा ओलांडला. या काही शर्यतीच्या गाड्या नव्हेत. मुलांना शाळेत सोडणे, कार्यालयात जाणे, बाजारहाट करणे हीच यांची रोजची कामे. दिवसभर राबणारा धडधाकट मजूर सरासरी एक-दशांश अश्वशक्तीइतके काम सातत्याने करू शकतो, असे मानले जाते. त्या हिशेबाने ७०० अश्वशक्तींची मोटार घेऊन पाव आणायला निघालेला गृहस्थ सात हजार मजुरांना जुंपून निघालेला असतो. मजूर दिसत नाहीत आणि घामही गाळीत नाहीत, म्हणून ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही, इतकेच.

आता प्रत्यक्ष काम किती असते तेही पाहू. सुमारे दोन टन वजनाची, हवेला फारसा अडथळा न करणाऱ्या आकाराची मोटार सपाट रस्त्यावरून ताशी १०० किलोमीटरच्या स्थिर वेगाने नेण्यास साधारणपणे २० अश्वशक्ती पुरतात. दर शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या घाटातून भरलेली गाडी ताशी ६० किलोमीटरने वर न्यायची तर तीस-पस्तीस. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. तरीही ताशी २५० किलोमीटर या वेगासाठी दोनशेच्या आतबाहेरच शक्ती लागते. आपल्या समृद्धी महामार्गावर मोटारींना कमाल वेगमर्यादा १२० किलोमीटरची आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात ती १०० ची आहे. ज्या जर्मनीत वेगमर्यादा नसलेले महामार्ग अजून आहेत, तेथेही सरकारने सुचविलेला वेग १३० चाच आहे.

येथे दुसऱ्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकून घेतले पाहिजे. मोटार नेहमी स्थिर वेगाने धावत नाही. दुपदरी रस्त्यावर एखादा मालमोटारींचा तांडा ओलांडायचा असेल, तर समोरच्या बाजूने वाहन येण्यापूर्वी वेग चटकन वाढवता यावा लागतो. दोन टनांच्या गाडीचा वेग पाच सेकंदांत ८० वरून १२० वर न्यायचा, तर हिशेबाने दोनशेच्या आसपास अश्वशक्ती लागतात. ही गरज काल्पनिक नाही. दुसरा मुद्दा शांततेचा आहे. ताकदीने काठोकाठ राबणारे इंजिन कण्हते, थरथरते. भरपूर राखीव शक्ती असलेले इंजिन मंद गतीने, जवळजवळ नि:शब्दपणे काम करते. जुन्या आलिशान मोटारींत मोठे इंजिन असे ते वेगासाठी नव्हे, या शांततेसाठी. रोल्स-रॉइस कंपनी अनेक दशके आपल्या इंजिनांची अश्वशक्ती जाहीरच करीत नसे. विचारणाऱ्याला उत्तर मिळे ते 'पुरेशी' या अर्थाचे. या उत्तरात थोडा सरदारी तोरा होता हे खरे, पण त्यात एक शहाणपणही होते. शक्तीचे माप आकड्याने न सांगता कामाच्या संदर्भात सांगितले होते.

तेव्हा आलिशान मोटारीला साध्या मोटारीहून अधिक शक्ती हवी, हे मी मान्य करतो. दोनशे म्हणा, उदारपणे तीनशे म्हणा. परंतु आजचा प्रश्न तीनशेचा नाही. तो सहाशेनंतरच्या सातशेचा आणि हजारानंतरच्या बाराशेचा आहे. आणि तेथे एक चमत्कारिक गोष्ट आढळते. वर उल्लेखिलेल्या 'एम ५' च्या २०१७ च्या पिढीला शून्यापासून १०० चा वेग गाठण्यास ३.४ सेकंद लागत. नव्या पिढीत शक्ती सव्वाशेहून अधिक वाढली, पण वेळ लागतो ३.५ सेकंद. कारण या अवधीत गाडीचे वजन पाचशे किलोंहून अधिक वाढून जवळजवळ अडीच टनांवर गेले. म्हणजे बॅटरी आणि जादा यंत्रसामग्री यांनी आणलेले ओझे वाहण्यासाठीच शक्तीची बरीचशी वाढ खर्ची पडली. गाडी मोठी झाली म्हणून शक्ती हवी, आणि शक्ती वाढली म्हणून ब्रेक, चाके व सांगाडा अधिक भक्कम, अर्थात अधिक जड हवा. ज्या घरात कर्जाचे व्याज फेडण्यासाठी नवे कर्ज काढले जाते, त्या घराचा हिशेब याहून फारसा वेगळा नसतो.

ॲरिस्टॉटलने आपल्या 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या पहिल्या भागात संपत्तीविषयी जो विचार मांडला आहे, तो येथे उपयोगी पडतो. त्याच्या मते कोणत्याही कलेतील साधनाला मर्यादा असते, आणि ती मर्यादा त्या साधनाच्या साध्यातून येते. सुताराचा हातोडा किती जड असावा हे खिळ्यावरून ठरते. हातोडा जितका जड तितका बरा, असे कोणी सुतार म्हणत नाही. घर चालविण्यासाठी लागणारी संपत्ती हे असेच साधन आहे आणि म्हणून तिलाही सीमा आहे. पण जेव्हा संपत्ती मिळवणे हेच साध्य बनते, तेव्हा सीमा नाहीशी होते. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा पुढे नेऊन इच्छांचे दोन प्रकार सांगितले. निसर्गाने दिलेल्या इच्छा मर्यादित असतात, कारण पोट भरते, तहान भागते. बुद्धीने व कल्पनेने निर्माण केलेल्या इच्छांना मात्र अंत नसतो, कारण कल्पना नेहमीच आणखी एक पाऊल पुढे टाकू शकते. अश्वशक्तीचा आकडा हा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. शंभर अश्वशक्तींनी काय करायचे हे रस्ता सांगतो. हजार अश्वशक्तींनी काय करायचे हे सांगू शकेल असा रोजच्या वापरातला रस्ताच नाही, तेव्हा ते सांगायला फक्त कल्पना उरते.

ही कल्पना एकट्याच्या मनात वाढत नाही, ती तुलनेतून वाढते. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या आरंभी नव्या मोटारींची सरासरी शक्ती सुमारे १०० अश्वशक्ती होती. २०२० च्या दशकात ती २५० च्या पुढे गेली आहे. काल जे श्रीमंताच्या गाडीत होते ते आज मध्यमवर्गीयाच्या गाडीत आले. मग श्रीमंताच्या गाडीने वेगळे दिसायचे कसे? तिला आणखी पुढे पळणे भाग आहे. आपल्याकडील लग्नमंडपांत हा प्रकार आपण नेहमी पाहतो. एका मंडपातील ध्वनिवर्धकाचा आवाज वाढला की शेजारच्या मंडपातला वाढतो, आणि अखेरीस दोन्हीकडच्या पाहुण्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. दोन्ही मंडपांची खरी गरज संगीत ऐकण्याची होती. ती दोन्हीकडे अपुरी राहिली.

ही स्पर्धा थोपविण्याचे प्रयत्नही झाले आहेत आणि ते मोठे बोधप्रद आहेत. जपानमधील मोटार उत्पादकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपसांत ठरविले की कोणत्याही मोटारीची शक्ती २८० अश्वशक्तींहून अधिक दाखवायची नाही. हा अलिखित करार २००४ सालापर्यंत टिकला. पण पुढेपुढे काही गाड्यांची खरी शक्ती त्याहून बरीच अधिक असे, आणि कागदावर मात्र २८० च लिहिले जाई. संयमाची जागा संयमाच्या आकड्याने घेतली. जर्मनीतील प्रमुख कंपन्यांनी त्याच सुमारास कमाल वेग २५० वर रोखण्याचे ठरविले. वेग रोखला गेला, परंतु शक्ती मात्र दुप्पट-अडीचपट झाली, आणि पुढे जादा पैसे मोजणाऱ्याला वेगाची अटही शिथिल करून मिळू लागली. बाहेरून बांधलेला बांध आतला पूर फार काळ थोपवू शकत नाही, एवढे यावरून दिसते.

माझ्या परिचयाच्या एका सद्गृहस्थांनी यावर मला रोखठोक विचारले, "फादर, पैसा माझा, गाडी माझी. मी वेगमर्यादा पाळतो. त्या शक्तीचा नुसता आनंद मला वाटत असेल तर त्यात वाईट काय?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उडवून लावणे योग्य होणार नाही. मनुष्य केवळ गरजेवर जगत नाही. मंदिराच्या खांबावरील नक्षीने छत अधिक भक्कम होत नाही, आणि तरीही ती नक्षी नको असे आपण म्हणत नाही. ॲरिस्टॉटलनेच भव्य खर्चाला सद्गुणांत स्थान दिले आहे. मात्र त्याची अट अशी की खर्च प्रसंगाला शोभला पाहिजे. क्षुल्लक प्रसंगी डोळे दिपविण्यासाठी केलेला मोठा खर्च त्याने अभिरुचिहीन ठरविला आहे. आपल्याकडे अकराव्या शतकात क्षेमेंद्राने काव्यासंबंधी औचित्याचा जो सिद्धान्त मांडला, त्याचाही आशय असाच आहे. अलंकार आपल्या जागी असेल तरच शोभतो. कमरपट्टा गळ्यात घातला तर हसू येते, मग तो सोन्याचा का असेना. शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर सातशे अश्वशक्ती शोभतील, तेथे त्यांना काम आहे. शाळेच्या फाटकाशी त्या गळ्यातील कमरपट्ट्यासारख्या दिसतात.

आणि नक्षीत व या शक्तीत एक महत्त्वाचा भेद आहे. नक्षी कोणाच्या अंगावर धावून जात नाही. रस्ता हा सर्वांचा आहे. त्यावर मोटारवाल्याइतकाच हक्क दुचाकीवरून कामाला निघालेल्या तरुणाचा, हातगाडीवाल्याचा आणि रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धेचा आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे सत्तर टक्के मृत्यू अतिवेगाशी निगडित होते, आणि मृतांत पादचाऱ्यांची संख्या तीस हजारांहून अधिक होती. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असलेल्या एका अत्यंत महागड्या मोटारीची धडक बसून दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांनी प्राण गमावले, ती घटना आपण विसरलेलो नाही. अश्वशक्तीने हे मृत्यू घडविले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. चाळीस अश्वशक्तींची जुनी मोटारही माणूस मारू शकते, आणि दोष यंत्राचा नसून हाताचा असतो. परंतु हातून चूक होणारच, हे गृहीत धरून यंत्र बनविणे हेही नीतीचे अंग आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. तेवढ्या वेळात ताशी १०० च्या वेगाने जाणारी गाडी अठ्ठावीस मीटर पुढे गेलेली असते. हा एक सेकंद गेल्या शंभर वर्षांत कमी झालेला नाही. शक्ती कित्येक पटींनी वाढली, ती सावरणारा मनुष्य मात्र तोच राहिला. माझ्या त्या परिचितांना मी इतकेच म्हणालो की, तुमचा आनंद तुमचा आहे, पण त्याची जोखीम तुमच्या एकट्याची नाही, आणि जिची जोखीम तिला तुम्ही विचारलेले नाही.

विजेच्या मोटारींनी या वादाला नवे वळण दिले आहे. पूर्वी मोठे इंजिन उभ्या गाडीतही अधिक इंधन पीत असे, त्यामुळे उधळपट्टीचा आक्षेप घेता येई. विजेची शक्तिशाली मोटर हळू चालविली तर फारशी अधिक वीज खात नाही. शक्ती आता स्वस्त झाली आहे, आणि म्हणूनच प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक निखळ नैतिक झाला आहे. चीनमधील शाओमी कंपनीने आपल्या सुमारे पंधराशे अश्वशक्तींच्या चार दरवाजांच्या मोटारीची शक्ती २०२५ च्या मे महिन्यात नऊशेपर्यंत सीमित करण्याचे ठरविले. शर्यतीच्या मार्गावर आपले कौशल्य सिद्ध करणाऱ्यालाच पूर्ण शक्ती खुली व्हावी, अशी योजना होती. मालकांनी इतका संताप व्यक्त केला की कंपनीला माघार घ्यावी लागली. नऊशे अश्वशक्तींनी त्यांचे कोणते काम अडले होते? कोणतेच नाही. अडले होते ते स्वामित्वाच्या भावनेशी. जे आपण वापरणार नाही ते आपल्याकडे आहे, ही जाणीव त्यांनी विकत घेतली होती, आणि तीच काढून घेतली जात होती.

रोल्स-रॉइसच्या अलीकडील मोटारींत चालकासमोर एक तबकडी असते. इंजिनाचे फेरे किती होत आहेत हे न दाखवता ती किती शक्ती अजून राखीव आहे हे दाखविते. सामान्यपणे गाडी चालत असताना काटा शंभराच्या जवळच रेंगाळतो. हीच कंपनी आता पाचशेहून अधिक अश्वशक्तींचा आकडा जाहीरही करते. 'पुरेशी' हे जुने उत्तर आता बाजारात चालत नसावे.

माझ्या मते मूळ प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. रोजच्या आलिशान मोटारीला अधिक अश्वशक्तीची गरज नाही. सुरक्षित ओलांडण्यासाठी, चढासाठी आणि शांत प्रवासासाठी जी शक्ती लागते ती तिला केव्हाच लाभली आहे. त्यापुढील वाढीला हौस म्हणावे, ऐट म्हणावे, पण गरज म्हणू नये, कारण त्या शब्दावर ज्यांचा खरा हक्क आहे अशी माणसे या देशात पुष्कळ आहेत. व्होल्वो कंपनीने २०२० पासून आपल्या नव्या मोटारींचा कमाल वेग १८० वर रोखला, तेव्हा काही जण हसले. पण उत्पादकाने आपल्या वस्तूची सीमा आपण होऊन सांगावी, ही गोष्ट हसण्यासारखी खासच नाही.

आणि ज्यांच्या दारात अशी मोटार नाही अशा आपणा सर्वांचे काय? घराचे मजले, लग्नाच्या पंगती, हातातील दूरध्वनी, मुलांच्या परीक्षेतील टक्के यांपैकी प्रत्येकात एक अश्वशक्तीचा आकडा दडलेला आहे. त्या प्रत्येकाला वॉटच्या गिऱ्हाइकांचा जुना प्रश्न विचारता येईल : काम किती आहे? तो आधी विचारला, तर घोडे किती लागतील याचे उत्तर बहुधा आपल्या अपेक्षेपेक्षा लहान निघेल. उरलेले घोडे दुसऱ्या कोणाच्या तरी शेतात उपयोगी पडण्यासारखे असतात.